सात इंचांचा शिरीष

वाळलेली तुळस मागायला कुणी घरी येतं, हे मला कलकत्त्याला जाईपर्यंत माहीत नव्हतं. सुधीरची बँकेत बदली झाली आणि आम्ही डमडमला एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो. पहिल्याच हिवाळ्यात बाल्कनीतली तुळस गेली. एका रविवारी मी ती कुंडी रिकामी करायला घेतली, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग.

"मी खाली राहते," त्या मराठीत म्हणाल्या. "तुझी तुळस मेली आहे. आठवडाभर अंगणातून बघते आहे. टाकणार असलीस तर मला दे. पण ओढून काढू नकोस, मुळं तुटतील."

खालच्या मजल्यावर एक मराठी बाई राहतात, एवढं घरमालकांनी सांगितलं होतं. आम्हाला येऊन दोन महिने झाले होते, तेवढ्या काळात त्या एकदाही बोलायला आल्या नव्हत्या. तुळस मेली तेव्हा आल्या.

या शरयूताई आपटे. कलकत्त्यातच जन्मलेल्या, तिथल्याच एका मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं आणि त्याविषयी बोलावं असं त्यांना वाटत नसे. आजूबाजूचे बंगाली लोक त्यांना 'शोरोजूदी' म्हणत. त्यांचं मराठी अगदी स्वच्छ, पुण्यातल्या एखाद्या बाईसारखं होतं, फक्त बंगालीत पाणीही 'खातात', म्हणून त्याही घरी आलेल्याला "पाणी खाशील?" असं विचारत. मी पहिल्यांदा हसले तेव्हा त्यांना कळेना, मी कशाला हसते आहे.

त्यांनी कुंडीतली माती पाणी घालून भिजवली, बोटांनी मोकळी केली आणि अर्ध्या तासाने तुळस अख्खी बाहेर काढली. मग नळाखाली धुऊन माझ्यासमोर उलटी धरली. खोड खाली, मुळं वर.

"काय दिसतंय?"

मला तुळशीची मुळं दिसत होती. मी तसं सांगितलं.

"परत बघ."

मी परत पाहिलं. खोडातून फुटलेले जाड फाटे, त्यांतून बारीक, त्यांतून आणखी बारीक. एखाद्या जुन्या रस्त्याच्या कडेचं, पानं गळून गेलेलं प्रचंड मोठं झाड माझ्या हातभर अंतरावर उभं होतं.

त्या दिवशी मी त्यांच्यामागून खाली गेले आणि पुढची साडेचार वर्षं जात राहिले.

शरयूताई आगगाडीच्या छोट्या नमुन्यांसाठी झाडं करत. लाकडी फळ्यांवर रूळ टाकून, स्टेशनं, पूल, डोंगर उभे करून त्यांतून वीतभर लांबीच्या डब्यांची गाडी चालवण्याचा छंद असलेली काही माणसं कलकत्त्यात आहेत. बहुतेक सगळे रेल्वेतून निवृत्त झालेले पुरुष. त्यांची इंजिनं अस्सल, रूळ अस्सल, सिग्नलही वर-खाली होणारे. पण झाडं मात्र रंगवलेल्या स्पंजाची. अशी एक फळी कुठल्याशा शाळेच्या प्रदर्शनात शरयूताईंनी पाहिली आणि ती करणाऱ्या गृहस्थांना तिथेच विचारलं, की हे झाड कुठलं? ते म्हणाले, झाड आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं इंजिन कुठलं असं विचारलं तर तुम्ही 'इंजिन आहे' असं सांगाल का?" ते गृहस्थ म्हणजे मानसबाबू, सियालदहहून सुटणाऱ्या गाड्यांवर उभी हयात गार्ड म्हणून काढलेले. त्यांनी हात जोडले आणि तुम्हीच करून द्या म्हणाले. तेव्हापासून हे सुरू झालं.

त्यांच्या मागच्या खोलीत तीन कपाटं होती आणि एका कपाटात पुस्तकं. बाकी दोन्हींत बिस्किटांचे, औषधांचे, मिठाईचे डबे आणि प्रत्येकावर चिठ्ठी. वाळलेल्या कोथिंबिरीच्या छत्र्या. त्यांची बाभूळ होई. घोसाळ्याच्या आतली जाळी, तिची झुडपं. तागाचं सूत बारीक कातरून रुळांकडेचं गवत. शोला म्हणून एका पाणवनस्पतीचा पांढरा, कापसासारखा हलका गाभा मिळतो, बंगाली नवरदेवाचा टोप त्याचाच करतात. तो कोरून केळीचे बुंधे. उकळून वाळवलेली चहाची पत्ती म्हणजे झाडाखालचा पाचोळा. शेवग्याची पानं सावलीत वाळवून, मिक्सरमध्ये फिरवून, गाळण्याने तीन वेळा गाळलेली भुकटी म्हणजे पालवी. या कामाचा मिक्सर वेगळा होता. तरी एकदा त्यांच्याकडची चटणी मला कडू लागली आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यात कडुनिंब गेला असणार, पोटाला चांगलाच असतो.

तयार होत असलेली झाडं बुंध्याला खिळा लावून अर्ध्या कापलेल्या बटाट्यांत उभी असत. जेवायच्या टेबलावर दहा-बारा बटाटे आणि त्यांवर दहा-बारा झाडं. कॉलेजातल्या प्रयोगशाळेतला चिमटा हातात घेऊन त्या एकेका फांदीवर गोंदाचा ठिपका ठेवत, पालवी भुरभुरवत आणि फुंकर मारून जास्तीची उडवत. पन्नास फुटांचं झाड सात इंचांत बसवायचं, हे त्यांचं प्रमाण. त्यांची घाई मी कधी पाहिली नाही. "हिरवं शेवटी," असं त्या म्हणत. त्यांच्या मते नवशिक्याला हिरव्या रंगाची घाई होते, आणि झाड काही पानांमुळे ओळखू येत नाही. ते कुठे वाकलंय, कुठे मोडलंय, कुठल्या बाजूला उजेड मिळाला नाही, त्यावरून ते ओळखू येतं.

नुसतं 'एक झाड' त्यांनी कधी केलं नाही. कोणतं, किती वर्षांचं, पाण्याजवळ की उतारावर, शेळ्या येतात का, आधी हे सगळं विचारायच्या. मागणारा कंटाळून निघून गेला तर त्यांना वाईट वाटत नसे.

एकदा मीच त्यांना अडचणीत आणलं. माझं ऑफिस न्यू टाउनला होतं. तिथल्या एका सहकाऱ्याचा भाऊ घरं बांधणाऱ्या एका कंपनीत होता. त्यांना विक्रीच्या दालनात ठेवायला संपूर्ण वसाहतीचा नमुना हवा होता आणि त्यावर लावायला दोनशे झाडं. मी मोठ्या उत्साहाने शरयूताईंचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी जागा बघू. एका शनिवारी आम्ही गेलो. भर घातलेलं एक तळं, त्यावर पसरलेली राखाडी माती, पत्र्याचं कुंपण. शरयूताई चपला हातात घेऊन अर्धा तास त्या मातीतून फिरल्या. एका कोपऱ्यात खजुराचं एकच झाड उरलं होतं. हिवाळ्यात रस काढायला दर वर्षी आलटून-पालटून दोन बाजूंनी चिरा देतात, त्यामुळे त्याचा बुंधा नागमोडी झाला होता. शरयूताईंनी भिंग लावून त्या चिरा खालून वर मोजल्या आणि मला म्हणाल्या, "बावीस हिवाळे."

तिथल्या साहेबांना त्यांनी नम्रपणे सांगितलं, की दोनशे झाडं मी करू शकणार नाही, कारण ती इथे नाहीत. साहेब म्हणाले, नंतर लावणार आहोत. शरयूताई म्हणाल्या, लावा, दहा वर्षांनी मी येऊन बघेन आणि तशी करून देईन. माझे कान लाल झाले होते. परतताना मी बसमध्ये जरा चिडूनच म्हटलं, की कुणाला फसवायचं नव्हतं त्यांना, शोभेची झाडं होती. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "असेल," एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी त्यांनी एक डबी माझ्या हातात दिली. आत तो खजूर होता. बुंध्यावर बावीस चिरा. हे त्यांना दे, तिथे एवढं एक झाड खरोखर आहे म्हणावं. मी दिलं. वसाहतीच्या नमुन्यावर शेवटी स्पंजाचीच झाडं लागली, पण तो खजूर साहेबांनी स्वतःच्या टेबलावर ठेवला असं सहकाऱ्याने सांगितलं. पुढच्या वर्षी खरा खजूर गेला. शरयूताईंनी विचारलं तेव्हा मला सांगावं लागलं. त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"टेबलावरचा आहे ना?"

"आहे."

"मग आता तो तेवढाच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

त्या कधी चुकत नसत असं मात्र नाही. एका पावसाळ्यात मानसबाबूंच्या नातेवाइकांना बघायला मिळावं म्हणून त्यांनी बांबूचं एक बेट भराभर करून दिलं. एरवी त्या सगळा माल उन्हात तापवून, कापराच्या डब्यात महिनाभर ठेवूनच वापरत. तेवढ्या वेळी ठेवला नाही. गवताच्या काड्यांतून किडे निघाले आणि त्यांनी बांबू सोडून मानसबाबूंचं पुठ्ठ्याचं स्टेशन खाल्लं. तिकीटघर, सामानाची खोली आणि अर्धं छप्पर. मानसबाबूंनी फोनवर ही बातमी एखाद्या अपघाताचा अहवाल द्यावा तशा गंभीर आवाजात दिली. शरयूताई दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेल्या, खाल्लेलं स्टेशन घेऊन आल्या आणि सहा आठवडे स्वतः पुठ्ठा कापत बसल्या. बांधकाम त्यांना अजिबात जमत नव्हतं. भिंती तिरक्या व्हायच्या, पुन्हा कापायच्या. मी मदत करू का विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या किड्यांनी खाल्लं. मीच बांधणार."

या मानसबाबूंचीच गोष्ट मला खरं म्हणजे सांगायची आहे.

मानसबाबूंचे वडील एका लहानशा गावी स्टेशनमास्तर होते. अरुंद रुळांची, झोके खात जाणारी गाडी होती ती. पुढे तो मार्ग रुंद झाला, जुनं स्टेशन पाडलं, झाडं तोडली. मानसबाबूंनी गच्चीवरच्या खोलीत ते जुनं स्टेशन आठवून आठवून उभं केलं होतं. फलाट, विहीर, रेल्वेचं घर, सिग्नल. फोटो एकही नव्हता. घर आणि सिग्नल यांच्या मध्ये एक मोठा शिरीष होता आणि त्याच्या सावलीत आपलं बालपण गेलं, असं ते सांगत. बोलायला त्यांना फार आवडे. त्या शिरिषावर बसणारे बगळे, त्याखाली बसून आई तांदूळ निवडायची ते, धाकटी बहीण पडली ते, सगळं ते तासन्‌तास सांगत. त्यांच्या पत्नी रत्नाबौदी, म्हणजे रत्नावहिनी, चहाचे पेले घेऊन येत आणि हसत म्हणत, की आता बगळे मोजून होईपर्यंत थांबा.

शरयूताईंनी शिरीष करून दिला. मी तो पाहिला होता. छत्रीसारखा पसरलेला, असा की खाली बसावंसं वाटावं. मानसबाबूंनी तो फळीवर ठेवून पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "सुंदर आहे, शोरोजूदी. पण आमचा नाही."

काय चुकलं ते त्यांना सांगता येईना. शरयूताईंनी दुसरा केला, बुंधा जाड ठेवून, फांद्या खाली आणून. दोन महिने गेले त्यात. त्यालाही मानसबाबूंनी तेच उत्तर दिलं. त्या दिवशी मी बरोबर होते. शरयूताईंचा चेहरा उतरला आणि त्या पहिल्यांदाच तोडून बोलल्या, की तुम्हाला काय हवंय ते तुम्हालाच ठाऊक नसेल तर माझा वेळ घेऊ नका. आम्ही चहा न घेता निघालो. पुढे महिनाभर दोघांपैकी कुणीच फोन केला नाही.

मग रत्नाबौदींचा फोन आला. मानसबाबूंना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणत होते, समजतं सगळं, पण शब्द येणार नाहीत.

शरयूताई हॉस्पिटलात रोज गेल्या. मानसबाबू त्यांच्याकडे बघत, तोंड उघडत, एक 'आ' असा आवाज निघे आणि ते डोळे मिटून घेत. इतकं बोलणारा माणूस. शरयूताई घरी येऊन टेबलाशी बसत, पण चिमट्याला हात लावत नसत. एकदा मी भाजी द्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "अनघा, चाळीस वर्षं मुलींना शिकवलं. ज्या मुलीला उत्तर माहीत असतं पण सांगता येत नाही, तिच्यावर ओरडायचं नसतं. तिला नीट प्रश्न विचारायचा असतो. मी त्यांना नीट विचारलंच नाही. झाडाबद्दल बोलू दिलं, आणि माझंच झाड करून दिलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते त्यांनी ऐकलं नाही.

आठ दिवसांनी त्या म्हणाल्या, की उद्या मला त्या गावी जायचंय, तू येतेस का? मी रजा टाकली. सियालदहहून सकाळची गाडी पकडली, मधे एक गाडी बदलली, आणि अकराच्या सुमाराला आम्ही एका रुंद, चकचकीत, सावली नसलेल्या फलाटावर उतरलो. जुन्या स्टेशनाची एक वीटही तिथे नव्हती. मला वाटलं, आता परत जायचं. शरयूताईंनी चहावाल्याला विचारलं, की गावात सगळ्यात म्हातारं कोण आहे?

त्याने आम्हाला चारुबाला नावाच्या आजींकडे पाठवलं. त्यांचे यजमान रुळांवर काम करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. आजी अंगणात उन्हाला पाय सोडून बसल्या होत्या. त्यांना तो शिरीष आठवत होता का? होता तर. कसा होता? मोठा होता. मला वाटलं, झालं, इथेही बगळेच येणार.

पण शरयूताईंनी आता वेगळंच विचारायला सुरुवात केली. दुपारी त्याची सावली कुठपर्यंत यायची? मास्तरांच्या घराच्या पायरीपर्यंत. कपडे कुठे वाळत घालायचे? दुसऱ्या अंगाला, सिग्नलच्या बाजूला. तिथे का? तिथे ऊन असायचं. झाड एवढं मोठं, मग तिथे ऊन कसं असायचं?

आजी हसल्या. त्या म्हणाल्या, त्या अंगाला फांद्या होत्याच कुठे? इंजिनवाल्याला सिग्नल दिसावा म्हणून दर हिवाळ्यात आमचे हे माणसं लावून त्या बाजूच्या फांद्या तोडायचे. ते जळण आमच्याकडेच यायचं. वर्षभर पुरायचं. झाड म्हणजे अर्धंच होतं, सगळं घराच्या अंगावर कललेलं. मास्तरांच्या मुलांना काय, ती तर अंगणात खेळायची, त्यांना वर बघितलं की सगळीकडे झाडच.

शरयूताईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्या आजींच्या हातावर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. निघताना त्यांनी अंगणाच्या कुंपणाची एक वाळलेली मेंदी मुळासकट मागून घेतली. गाडीत ती त्यांनी पदरात धरली होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, की औषधी आहे का? शरयूताई हो म्हणाल्या.

तिसरा शिरीष करायला त्यांना तीन आठवडे लागले. एका बाजूला तो पसरलेला होता, दुसऱ्या बाजूला बुंध्यावर फांद्या छाटल्याच्या खुणा, वर्षानुवर्षांच्या, एकीवर एक, आणि त्यांतून धीर करून फुटलेल्या दोन-चार बारीक डहाळ्या. तो सुंदर नव्हता. पहिले दोन त्याच्याहून कितीतरी देखणे होते.

मानसबाबू तोवर घरी आले होते. गच्चीवर जाणं शक्य नव्हतं, म्हणून स्टेशनाची तेवढी फळी शेजाऱ्यांनी खाली आणून त्यांच्या पलंगाजवळ, खिडकीशी ठेवली होती. दुपारची वेळ होती. रत्नाबौदींनी त्यांना उशा लावून बसवलं. शरयूताईंनी डब्यातून झाड काढलं आणि काहीही न बोलता घर आणि सिग्नल यांच्या मध्ये ठेवलं.

त्यांनी ते उलटं ठेवलं होतं. भरलेली बाजू सिग्नलकडे, छाटलेली बाजू घराकडे. मला वाटलं, घाबरून चूक झाली. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझं मनगट दाबून धरलं.

मानसबाबू बघत राहिले. बराच वेळ. रत्नाबौदी हलक्या आवाजात म्हणाल्या, की दमले असतील, नंतर बघू. शरयूताई हलल्या नाहीत. मग मानसबाबूंचा डावा हात पांघरुणावरून उठला. तो फळीपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. त्यांनी दोन बोटांत बुंधा धरला आणि झाड फिरवायला लागले, थोडं, आणखी थोडं, छाटलेली बाजू बरोबर सिग्नलसमोर येईपर्यंत. मग त्यांनी मान वाकडी करून घराच्या बाजूने, खालून वर त्या झाडाकडे पाहिलं. एखादं मूल बघतं तसं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून तोच 'आ' निघत होता, पण आता तो मोठा होता, आणि ते शरयूताईंकडे बघत होते.

"बरोबर," शरयूताई म्हणाल्या.

जिन्यात आल्यावर त्या मधल्याच पायरीवर बसल्या. पदर तोंडावर धरून रडल्या. मी शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी नीट ठेवलं असतं तर त्यांनी मान हलवली असती. माझं मन राखायला हलवली असती, तसा माणूस आहे. मला ते नको होतं. त्यांचं झाड त्यांनीच सांगायला हवं होतं."

मानसबाबू त्यानंतर पावणेदोन वर्षं होते. बोलणं परत आलं नाही. शरयूताई दर रविवारी जात. डाव्या हाताने बटण फिरवून ते गाडी चालवत, स्टेशनात आणत, थांबवत, सोडत. शरयूताई शेजारी बसून त्यांना प्रश्न विचारत. विहिरीपाशी काही होतं का? बोरीसारखं काटेरी? पेरूसारखं? त्या झाडांचे तुकडे फळीवर ठेवत आणि नको असतील ते मानसबाबू बाजूला सारत. अशा रीतीने त्या दोघांनी मिळून तिथे एक लिंबाचं झुडूप, दोन सुपाऱ्या आणि कुंपणावरची गोकर्ण उभी केली. मानसबाबू गेल्यावर त्यांच्या मुलीने विचारलं, की हे आता कुणाला द्यायचं का? रत्नाबौदी नाही म्हणाल्या. त्यांनी स्वतः गाडी चालवायला शिकून घेतली होती, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. रविवारचं जाणं शरयूताईंनी चालूच ठेवलं.

मग सुधीरची नागपूरला बदली झाली. मी जायच्या आधी शरयूताईंकडे एक झाड मागावं असं फार मनात होतं, पण मागितलं नाही. त्यांनी विचारलं असतं, कोणतं? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचं गाव सोडून किती वर्षं झाली, तिथल्या घरासमोर आंबा होता की फणस, हेसुद्धा मला आईला विचारावं लागलं असतं.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी दोन दिवस न्यू टाउनला गेले, तेव्हा त्यांना भेटले. त्या थकल्या होत्या. काठी आली होती, आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. तरी मला पोहोचवायला त्या हावडा स्टेशनपर्यंत आल्याच. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, की मला तिकडे थोडं काम आहे. काय काम ते सांगितलं नाही. संध्याकाळची वेळ होती. कामावरून परतणाऱ्यांचे लोंढे फलाटावर येत होते. मी डब्यात चढून खिडकी गाठली. गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि मधे त्या काठी टेकून उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. फलाटाच्या छपराला जोडलेल्या एका जुन्या भिंतीतून पिंपळ उगवला होता, हातभर उंचीचा, नवी तांबूस पानं फुटलेला. त्या मान वर करून तोच बघत होत्या. गाडी हलली. मी हाक मारली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त मोकळा हात वर केला आणि तो तसाच थोडा वेळ वर राहिला.